५२ पौंडांचं लाकडी धनुष्य ४० पौंडांवर कसं आणावं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: घरी घडवलेलं, एकाच लाकडातलं, सपाट भुजांचं आणि ६६ इंच लांबीचं धनुष्य आहे. २८ इंचांच्या ओढीला काटा ५२ पौंड दाखवतो आणि हवे आहेत ४०. मग पाठीवरून लाकूड काढायचं, रुंदी कमी करायची, की नुसती दोरी लांब करून भागेल?

दोरीने भागणार नाही. पाठीला हात लावायचा नाही. रुंदीचा विचार शेवटी, तोही जपून. लाकूड काढायचं ते पोटावरून. पाठ म्हणजे निशाणाकडची बाजू आणि पोट म्हणजे तुमच्याकडची. बहुतेकांना हे माहीत असतं, पण यात अदलाबदल झाली तर धनुष्य हातचं जातं, म्हणून आधीच सांगून ठेवतो.

हत्यार उचलण्याआधी एकदा नीट मोजून घ्या. ५२ पौंड नक्की कुठे मोजले? प्रचलित पद्धतीत ओढीची लांबी मुठीच्या सर्वांत खोल जागेपासून दोरीपर्यंत मोजतात आणि तिच्यात पावणेदोन इंच मिळवतात. लाकडी धनुष्यात हे माप साधारण पाठीपर्यंत येतं, म्हणून बरेच जण सरळ पाठीपासूनच मोजतात. तुम्ही पोटापासून २८ इंच मोजले असतील, तर धनुष्य प्रत्यक्षात तीसच्या जवळ ओढलं गेलंय आणि काट्यावर चार-एक पौंड फुकटचे चढलेत. दुसरी गोष्ट, तुमची स्वतःची ओढ किती? दोरी चढवल्यावर मूठ आणि दोरीत सहा इंच अंतर धरलं, तर २८ पर्यंत २२ इंचांत ५२ पौंड होतात, म्हणजे इंचाला सव्वादोन-अडीच पौंड. तुम्ही खरोखर २६ इंचच ओढत असाल तर तुमच्या बोटांवर ४७ च्या आसपासच येतात, आणि काम बारा पौंडांचं नसून सातचं आहे. एक हलका बाण घ्या, त्यावर इंचाच्या खुणा करा, नेहमीसारखा ओढा आणि कुठवर येतो ते दुसऱ्या कुणाला तरी पाहायला सांगा. बाण सोडायचा नाही, दोरी हळूच परत आणायची.

तिसरी गोष्ट हवेची. लाकडात आठ ते दहा टक्के ओल असली की ते धनुष्याला चांगलं. दमट दिवसांत तेच धनुष्य दोन-चार पौंड हलकं लागतं आणि कोरड्या हवेत पुन्हा चढतं. दमट हवेत ४० वर आणून ठेवलेलं धनुष्य पुढे ४३ दाखवायला लागलं तर नवल वाटून घेऊ नका. शिवाय ओल्या लाकडावर टिलर करायला (म्हणजे लाकूड काढून भुजांचा वाक सगळीकडे नीट जुळवायला) बसलात तर ते कायमचा बाक धरतं.

आता मुख्य मुद्दा. हे बारा पौंड कमी करायचे आहेत म्हणजे बारा पौंडांची शिल्लक तुमच्या हातात आहे, आणि ती टिलर सुधारण्यावर खर्च करायची आहे. माझ्या पाहण्यात आलेल्या बहुतेक ‘फार जड झालेल्या’ पहिल्या धनुष्यांत भुजेच्या मधे किंवा टोकाकडे एखादा पट्टा ताठ राहिलेला असतो, आणि त्याची भरपाई म्हणून दुसरी एखादी जागा जास्त वाकत असते. अशा धनुष्याचं वजन (म्हणजे ते ओढायला लागणारा जोर) सगळीकडून सारखं खरवडून उतरवलं, तर जड धनुष्यातला दोष हलक्या धनुष्यात जसाच्या तसा उतरतो. तेच वजन आधी ताठ जागांतून काढलं, तर धनुष्य हलकं होतं आणि जास्त वाकणाऱ्या जागेवरचा भारही कमी होतो. वजन उतरवण्याची संधी म्हणजे टिलरची दुसरी संधी, असं मी मानतो.

म्हणून पहिली पाहणी दोरी उतरवल्याबरोबर करा. धनुष्य बाजूने धरून पाहा. दोरीच्या दिशेने कायमचा बाक कुठे धरलाय? ती जागा जास्त राबली आहे. तिथल्या पोटावर आडव्या बारीक चुण्या पडल्यात का, हेही भिंगाने बघा. नखाला जाणवणाऱ्या आडव्या रेषा म्हणजे तिथले तंतू दाबाने चिरडलेत. या दोन्ही जागा पेन्सिलने गोल करून ठेवा. बाकी सगळीकडून लाकूड निघेल, पण या गोलांतून अगदी शेवटपर्यंत निघणार नाही.

किती लाकूड काढायचं याचा अंदाज आधी घेऊ, कारण इथेच बहुतेकांचा हात जास्त चालतो. भुजेचा ताठपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात बदलतो आणि जाडीच्या घनाच्या प्रमाणात. रुंदी दहा टक्के कमी केली तर वजन दहा टक्के उतरतं. जाडी दहा टक्के कमी केली तर ते सुमारे २७ टक्के उतरतं. तुम्हाला ५२ वरून ४० वर यायचंय, म्हणजे साधारण २३ टक्के. त्यासाठी जाडी साडेआठ टक्के उतरली की पुरे. भुजा मधोमध १४ मिलिमीटर जाड असेल तर हा हिशोब सव्वा मिलिमीटरच्या आत येतो. दोन्ही भुजांवरून, पूर्ण लांबीत, एवढंच. यासाठी रंधा नको आणि मोठ्या दातांची कानस तर मुळीच नको. ती दोन हातांत अर्धा मिलिमीटर खाते आणि वर खोल ओरखडे ठेवते, मग ते ओरखडे घालवण्यात आणखी लाकूड जातं. स्क्रेपरची पात वापरा. ती नसेल तर सुरीची धार काटकोनात धरून खरवडलं तरी चालतं.

पाठीला का हात लावायचा नाही, तेही सांगतो. ओढताना पाठ ताणली जाते आणि पोट दाबलं जातं. ताण झेलायला पाठीवरचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड लागतात. अस्सल लाकडी धनुष्यात पाठ म्हणून एकच वर्षवलय जपलेलं असतं. ते मधेच कापलं गेलं तर तंतूंची टोकं उघडी पडतात आणि तिथून लाकडाची बारीक सळई उचलली जाते. एकदा सळई उचलली की धनुष्य पुढच्याच ओढीला तुटू शकतं. फळीतून काढलेल्या धनुष्यालाही हाच नियम. तिथे तर सरळ रेषांवरच सगळा भरवसा असतो. पाठीला बांबू, कातडं किंवा स्नायूतंतू चिकटवलेले असतील तर प्रश्नच मिटला: बांबूची सगळ्यांत मजबूत बाजू म्हणजे त्याची वरची सालच, तिला पॉलिशपेपरसुद्धा जपूनच लावावा. काचतंतूच्या थरांची आधुनिक धनुष्यं हा वेगळाच विषय आहे, तिथे यातलं काहीच लागू करू नका.

आता कामाची पद्धत.

पोटावरचं वार्निश आधी पूर्ण खरवडून काढा. वार्निशच्या थरावरून पात घसरते आणि किती लाकूड निघालं ते कळत नाही. मग दोन्ही भुजांवर मुठीपासून टोकापर्यंत दर सहा इंचांवर बाजूला खूण करा, प्रत्येक खुणेवरची जाडी व्हर्नियरने मोजून लिहून ठेवा. हा कागद पुढे फार उपयोगी पडतो.

टांगून ओढण्याची सोय करा. मूठ भिंतीवरच्या लाकडी आधारावर, दोरीला हूक, हुकाला ताणकाटा, तिथून रस्सी खाली जमिनीजवळच्या कप्पीतून फिरवून तुमच्याकडे. म्हणजे तुम्ही आठ-दहा फूट लांब आणि एका बाजूला उभे राहून ओढू शकता. धनुष्य मोडलं तर तुकडे सरळ रेषेत उडतात, त्या रेषेत उभं राहू नका आणि चष्मा लावा. मागच्या भिंतीवर उभ्या-आडव्या रेषा आखल्या तर डोळ्याला मोठीच मदत होते. फोटो काढून तो उलटा करून पाहिला तर आणखी. आपण घडवलेल्या वस्तूतला वाकडेपणा आपल्याच डोळ्याला सरळ दिसायला लागतो, फोटो उलटा केला की तो पुन्हा दिसतो.

इथून पुढचा नियम एकच आणि तो मोडायचा नाही: ठरवलेल्या वजनापलीकडे ओढायचं नाही. लक्ष्य ४० असेल तर खरवडण्याचं लक्ष्य ४३ धरा, कारण शेवटचे दोन-तीन पौंड घासकामात आणि नेमबाजीच्या पहिल्या काही दिवसांत आपोआप जातात. ‘पण हे धनुष्य तर ५२ ला ओढून झालंय, मग ४३ ची मर्यादा कशाला?’ असं वाटेल. कारण लाकूड काढल्यावर जुना समतोल उरत नाही. एखादी जागा चुकून पातळ झाली तर ५२ पौंडांचा सगळा भार तिथे एकवटतो आणि एका ओढीत बिजागरी पडते, म्हणजे धनुष्य त्या एकाच जागी दुमडल्यासारखं वाकतं. ४३ वर तीच चूक नुसती दिसते आणि सुधारता येते. म्हणून पहिल्यांदा काटा ४३ ला पोचेपर्यंतच ओढा आणि दोरी कुठवर आली ते टिपा. तुमच्या धनुष्यात ती २४ इंचांच्या आसपास असेल. प्रत्येक फेरीनंतर हेच माप घ्या. पौंड तेच ठेवायचे आणि इंच वाढताना बघायचे: २४, साडेचोवीस, पंचवीस... असं करत २८ ला ४३ आले की स्क्रेपर खाली ठेवायचा.

खरवडताना पेन्सिल हाताशी ठेवा. पोटाच्या ज्या भागातून लाकूड काढायचं तो सगळा भाग नागमोडी रेघोट्यांनी भरून टाका आणि रेघोट्या पुसल्या जाईपर्यंत खरवडा. ती एक फेरी. मग दुसऱ्या भुजेवर तेवढंच. यामुळे दोन्ही भुजांवरून सारखं निघतं आणि एकाच जागी हात रेंगाळत नाही. पातीतून पातळ, गुंडाळलेल्या सोली निघायला हव्यात. नुसता भुसा पडत असेल तर धार गेली आहे. पात सतत एकाच कोनात चालवली की पोटावर आडव्या पन्हळ्या उठतात. बोट फिरवलं की त्या लागतात. तसं झालं तर पात तिरकी धरून उलट कोनाने दोन हात मारा, पन्हळ्या बसतात. नुसतं जोर लावून खरवडत राहिलात तर त्या आणखी खोल होतात. गाठ आली तर तिच्याभोवती लाकूड किंचित जाड राहू द्या.

प्रत्येक फेरीनंतर लगेच काटा लावू नका. आधी दोरी चढवून अर्ध्या-पाऊण ओढीपर्यंत वीस-तीस वेळा ओढा आणि सोडा. सोडा म्हणजे हाताने परत आणा, रिकामी दोरी कधीही सुटी सोडायची नाही. काढलेल्या लाकडाचा परिणाम भुजेत पूर्ण उतरायला एवढी हालचाल लागते. ती न करता मोजलं तर वाटतं काहीच उतरलं नाही, म्हणून माणूस आणखी खरवडतो, आणि मग सगळं एकदम उतरतं. नको इतक्या हलक्या झालेल्या धनुष्यांपैकी निम्मी तरी याच घाईची असतात, असा माझा अंदाज आहे.

ताठ जागा शोधायला एक साधं साधन करा. पाच-सहा इंचांचा सरळ लाकडी ठोकळा घ्या, मधोमध भोक पाडा आणि त्यात पेन्सिलचा तुकडा घट्ट बसवा, मागेपुढे करता येईल असा. धनुष्य थोडं ओढून अडकवा. वाकलेल्या भुजेचं पोट आतून खोलगट असतं, त्यामुळे ठोकळ्याची दोन टोकं पोटाला टेकतात आणि मधे फट राहते. जिथे फट सगळ्यांत मोठी, तिथे पेन्सिलचं टोक पोटाला जेमतेम लागणार नाही इतकं पुढे करा. आता ठोकळा मुठीजवळून टोकापर्यंत सरकवा. भुजा जिथे कमी वाकते तिथे फट लहान होते आणि पेन्सिल रेघ उमटवते. रेघ आहे तिथे खरवडा, नाही तिथे हात आवरा. हे काम धनुष्य अडकवून ठेवून रमतगमत करू नका. सरकवा, रेघ काढा, लगेच ढिलं करा. ओढलेल्या अवस्थेत राहिलेलं प्रत्येक मिनिट बाकात जमा होतं.

रेघा सगळीकडे सारख्या यायला लागल्या, म्हणजे टिलर जुळला, की मगच पूर्ण लांबीच्या फेऱ्या सुरू करायच्या. इथे एक बारकावा आहे. भुजा टोकाकडे निमुळती असते. मुठीजवळ १५ मिलिमीटर आणि टोकाकडे ११ असेल, आणि तुम्ही सगळीकडून एक मिलिमीटर काढलात, तर मुठीजवळची जाडी सात टक्क्यांनी उतरते आणि टोकाकडची नऊ टक्क्यांनी. घनाच्या हिशोबात मुठीजवळचा ताठपणा १९ टक्के गेला आणि टोकाकडचा २५. म्हणजे ‘सगळीकडून सारखं’ काढत गेलात की टोकं हळूहळू जास्त वाकायला लागतात. म्हणून दर चौथी फेरी शेवटच्या तृतीयांशाला देऊ नका. उलट, मुठीच्या उतारालगतची जागा फार संवेदनशील असते. सगळ्यांत जास्त भार तिथे येतो, तिथले दोन जादा हात काट्यावर लगेच दिसतात. दोन बोटांच्या मधे बाण धरून ओढत असाल तर खालची भुजा किंचित ताठ ठेवा. दोरी चढवल्यावर मुठीच्या उतारापाशी दोरी ते पोट अंतर वरच्या बाजूला तीन ते सहा मिलिमीटर जास्त हवं. तिन्ही बोटं बाणाखाली ठेवत असाल तर दोन्हीकडे जवळपास सारखं चालतं.

पोट आचेवर भाजून कडक केलेलं असेल तर वेगळा विचार करा. भाजलेला भाग पृष्ठभागाजवळ असतो आणि दाब झेलण्याचं बरंचसं काम तोच करतो. तो खरवडला तर वजन उतरतंच, पण खालचं मऊ लाकूड उघडं पडतं आणि बाक धरायला तयार होतं. अशा धनुष्यात मी सरळ रुंदीतून वजन काढतो. फार काढायचं असेल तर पोट खरवडून, लक्ष्याच्या बरंच खाली जाऊन, पुन्हा भाजावं लागतं. भाजल्यावर वजन परत चढतं. हे नवशिक्याचं काम नाही.

रुंदीबद्दल आणखी थोडं. रुंदी कमी केल्याने पोटावरचा ताण कमी होत नाही, कारण जाडी आणि वाक तेच राहतात. जाडी कमी केली की मात्र त्याच वाकाला ताण उतरतो, म्हणून टिकाऊपणासाठी पोटावरून काढणं बरं. पण रुंदीतून काढल्याने भुजेचं स्वतःचं, तराजूवरचं वजन जास्त घटतं, आणि हलकी भुजा बाण जास्त झपाट्याने फेकते. म्हणून माझी पद्धत अशी: बहुतेक पौंड पोटावरून, आणि शेवटी टोकाकडचा तृतीयांश दोन्ही बाजूंनी बारीक कानशीने निमुळता. त्यातून काट्यावर फार फरक पडत नाही, पण हाताला बसणारा झटका कमी होतो. दोरी दोन्ही टोकांपासून मुठीच्या मध्यावरून जाते का, हे मात्र दर वेळी तपासा. एका बाजूने जास्त काढलं तर भुजा पीळ घेते. पोटाच्या कडा मोडून गोल केल्या तरी एक-दोन पौंड सहज जातात. छोटा फरक काढायचा असेल तर पहिला उपाय तोच.

काही सल्ले सर्रास दिले जातात, ते एकत्रच निकालात काढतो. धनुष्य रात्रभर दोरी चढवून ठेवा, मऊ होईल: होतं, कारण पोटाचं लाकूड चिरडतं. काटा ४५ दाखवेल आणि बाण ३५ च्या धनुष्यासारखा जाईल. टोकं कापून आखूड करा: आखूड केलेलं धनुष्य जड होतं, हलकं नाही. दोरी लांब करा: दोरी मुठीजवळ आल्याने एखाद-दुसरा पौंड हलतो, फार तर, आणि दोरी मनगटावर आपटायला लागते ती वेगळी. वाफ देऊन लाकूड नरम करा: वाफ आकार बदलायला वापरतात, वजन उतरवायला नाही. हो, टोकं पुढे वळवलेली असतील आणि ती आचेवर थोडी सरळ केली तर वजन खरंच उतरतं, पण मग धनुष्याची चालच बदलते.

किती उतरवणं शहाणपणाचं? ५२ चे ४० अगदी आरामात. ६० चे ३० करायचे असतील तर मी नवीन लाकूड घ्यायला सांगेन. होत नाही असं नाही, पण ६० पौंडांसाठी आखलेली रुंद भुजा ३० ला विनाकारण वजन वाहत बसते आणि बाण सुस्त जातो. आणि वजन उतरवण्यात कमीपणा वाटत असेल तर तो सोडा. १५४५ साली बुडालेल्या मेरी रोझ या इंग्लिश युद्धनौकेतून शंभरावर लांब धनुष्यं निघाली, त्यांचं ओढीचं वजन शंभर पौंडांच्या पुढचं असल्याचं अभ्यासक मानतात. ती माणसं लहानपणापासून त्याच सरावात वाढलेली होती. पूर्ण ओढून क्षणभर न थरथरता धरता येईल तेवढंच धनुष्य आपलं.

४३ वर पोचलात की १२० पासून सुरू करून २२० पर्यंतच्या पॉलिशपेपरने, तंतूंच्या दिशेनेच, स्क्रेपरच्या खुणा घालवा. मग वार्निश न लावता आठवडाभर त्याच धनुष्याने नेम मारा. काटा एक-दोन पौंड आणखी खाली येईल. वाक पुन्हा तपासा, लागलं तर चार हात मारा, आणि नंतरच वार्निशचे पातळ थर द्या.

जुने बाण मात्र बाजूला ठेवा. ५२ पौंडांना जुळणारा बाण ४० ला फार ताठ पडतो. उजव्या हाताने ओढणाऱ्याचा ताठ बाण डावीकडे जातो, आणि पहिल्याच दिवशी सगळे बाण डावीकडे गेले की माणूस पुन्हा स्क्रेपर शोधायला लागतो. टिलरमध्ये दोष नसतो. कमी स्पाइनचे (म्हणजे कमी ताठ) बाण घ्या, किंवा आहेत त्यांनाच जड टोक लावून पाहा, टोक जड झालं की बाण जास्त लवचीक वागतो.